जीवशास्त्राची पदवी : शिष्यवृत्ती, विद्यावेतन आणि संशोधननिधी

वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन पदवी करणाऱ्या विद्यार्थ्याला मिळू शकणारा पैसा तीन प्रकारचा असतो. पहिला शिक्षण चालू ठेवण्यासाठीचा. फी, खोलीभाडे, मेस आणि पुस्तके यांचा खर्च त्यातून निघतो. दुसरा म्हणजे एखाद्या प्रयोगशाळेत महिना-दोन महिने काम करता यावे म्हणून मिळणारे विद्यावेतन, ज्याला सगळे स्टायपेंड म्हणतात. तिसरा प्रत्यक्ष संशोधनाचा खर्च भागवतो. त्यात रसायने, काचसामान, नमुने गोळा करण्यासाठीचा प्रवास आणि बाहेरून करून घ्यायच्या चाचण्या येतात.

या तिन्हींचे निकष, अर्जाचे महिने आणि देणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत. पहिला पैसा बारावीचे गुण, कुटुंबाचे उत्पन्न किंवा सामाजिक प्रवर्ग पाहून मिळतो. दुसरा विद्यार्थ्याची विषयातली आवड आणि शिक्षकांची शिफारस पाहून दिला जातो. तिसरा पदवीच्या विद्यार्थ्याच्या हातात जवळजवळ कधीच येत नाही. तो महाविद्यालयाच्या, विभागाच्या किंवा मार्गदर्शकाच्या नावे मंजूर होतो आणि विद्यार्थी त्यातून काम करतो. हा फरक लक्षात न घेता अर्ज केले की गुणवत्ता असूनही हाती काही लागत नाही.

पदवीच्या पातळीवर संशोधन कसे आले

संशोधन हे पदव्युत्तर शिक्षणानंतरचे काम, अशीच समजूत बराच काळ होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामावून घेणारा कार्यक्रम सुरू केला. मार्गारेट मॅकव्हिकर यांनी त्याची उभारणी केली. १९८७ पासून तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने देशभरातल्या पदवी विद्यार्थ्यांच्या उन्हाळी संशोधनासाठी निधी द्यायला सुरुवात केली.

भारतात वैद्यकीय क्षेत्राने पहिले पाऊल टाकले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १९७९ मध्ये एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची विद्यार्थीवृत्ती सुरू केली. मूलभूत विज्ञानाकडे हुशार मुले वळावीत म्हणून १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था तिची परीक्षा घेत असे. निवडलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या काळात दरमहा ५ हजार रुपये आणि वर्षाला २० हजार रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळत. २०२२ नंतर ही परीक्षा बंद झाली आणि योजना ‘इन्स्पायर’ या केंद्र सरकारच्या विज्ञान कार्यक्रमात विलीन करण्यात आली. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत ‘केव्हीपीवाय’ हे तिचे संक्षिप्त नाव अजून आढळते, पण नव्या विद्यार्थ्याला तो मार्ग उपलब्ध नाही.

फी आणि राहण्याचा खर्च

विषय कोणताही असला तरी लागू पडणाऱ्या योजना आधी पाहाव्या लागतात, कारण बहुतेकांचा खर्च त्यांवरच निभावतो. केंद्र सरकारची प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा प्रोत्साहन योजना दरवर्षी ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या देते. रक्कम पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार रुपये असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे लागते आणि विद्यार्थी बारावीला आपल्या मंडळात ८० पर्सेंटाइलच्या वर असावा लागतो. म्हणजे त्याच मंडळातल्या शंभरपैकी ऐंशी जणांहून त्याचे गुण जास्त हवेत. प्रत्यक्ष टक्केवारी किती, याला इथे महत्त्व नाही. विज्ञान, वाणिज्य आणि कला यांत जागा ३:२:१ या प्रमाणात वाटल्या जातात आणि निम्म्या जागा मुलींसाठी राखीव असतात. पुढच्या वर्षी नूतनीकरण व्हायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो.

महाराष्ट्रातल्या योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व फ्रीशिप आहेत. खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या, घरापासून दूर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना निवास-भोजनासाठी रोख रक्कम देणाऱ्या योजना प्रवर्गानुसार आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आणि इतर मागास, विमुक्त व भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुंबई-पुण्यासारख्या शहरात स्वाधारची रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते. लहान शहरांत ती कमी असते.

या अर्जांत गुणांपेक्षा कागद जास्त आडवे येतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, जात प्रमाणपत्राबरोबर लागू असेल तिथे पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेयर हवे, बँक खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे आणि आधारशी जोडलेले हवे. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधार कार्डावर आणि खात्यात नावाचे स्पेलिंग वेगवेगळे असेल तर रक्कम मंजूर होऊनही जमा होत नाही. अर्ज भरला की काम संपत नाही. तो महाविद्यालयाच्या लॉगिनमधून पुढे गेला की नाही, हे कार्यालयात जाऊन पाहावे लागते.

खासगी संस्थांपैकी रिलायन्स फाउंडेशन दरवर्षी ५ हजार पदवी विद्यार्थ्यांना संपूर्ण शिक्षणकाळात मिळून २ लाख रुपयांपर्यंत देते. त्यासाठी बारावीला ६० टक्के आणि १५ लाखांच्या आत उत्पन्न लागते, शिवाय एक अभियोग्यता चाचणी असते. विज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी लॉरिआल इंडियाची शिष्यवृत्ती २००३ पासून दिली जाते.

एकाच वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. केंद्राच्या वरील योजनेत तर दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी-माफी घेणारा विद्यार्थी अपात्रच ठरतो. म्हणून दोन्ही रकमांची तुलना करून मगच अर्ज नक्की करावा लागतो.

इन्स्पायर : विज्ञानासाठीची मोठी शिष्यवृत्ती

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १३ डिसेंबर २००८ रोजी सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ कार्यक्रमात उच्च शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती हा एक भाग आहे. तिची रक्कम वर्षाला ८० हजार रुपये आहे. त्यांतले ६० हजार विद्यार्थ्याच्या खर्चासाठी आणि २० हजार उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. पदवीपासून एम.एस्सी.पर्यंत जास्तीत जास्त पाच वर्षे ती मिळू शकते. उत्पन्नाची अट नाही. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळातल्या सर्वोच्च १ टक्क्यात असणे हा मुख्य निकष. जेईई किंवा नीटमध्ये पहिल्या १० हजारांत आलेला विद्यार्थी मूलभूत विज्ञानाकडे वळला तर तोही पात्र ठरतो. विज्ञान ऑलिंपियाडचे पदकविजेतेही या यादीत येतात.

मोठी गफलत होते ती विषयाच्या यादीत. ही शिष्यवृत्ती मूलभूत आणि नैसर्गिक विज्ञानाच्या १८ विषयांनाच मिळते. जीवशास्त्र, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, जैवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि मानवशास्त्र त्यांत आहेत. जैवतंत्रज्ञान नाही. कृषी, औषधनिर्माण, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी हे व्यावसायिक अभ्यासक्रमही नाहीत. त्यामुळे एकाच महाविद्यालयात, एकाच मजल्यावर शिकणाऱ्या आणि बारावीला सारखेच गुण असलेल्या दोघांपैकी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचा विद्यार्थी पात्र ठरतो आणि बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीचा ठरत नाही. तीन वर्षांत जवळजवळ अडीच लाखांचा हा फरक प्रवेशअर्ज भरतानाच ठरून जातो. बारावीला ९०च्या वर गुण मिळवणाऱ्याने अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी ही यादी पाहिली पाहिजे.

अर्जासोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचे विषय नमूद केलेले प्रमाणपत्र लागते. शिष्यवृत्ती चालू ठेवायला दरवर्षी गुणपत्रिका आणि उन्हाळी प्रकल्पाचा अहवाल पाठवावा लागतो. प्रकल्प कुठे करायचा, हे विद्यार्थ्यानेच शोधायचे असते आणि मार्गदर्शक म्हणून संशोधन करणारी व्यक्ती मिळवायची असते. इथे ही योजना शिक्षणखर्चापलीकडे जाऊन संशोधनाशी जोडली जाते.

काही संस्थांची स्वतःची व्यवस्था आहे. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातले मूलभूत विज्ञान केंद्र, म्हणजे सीईबीएस, आणि भुवनेश्वरची नायसर या संस्थांत ‘नेस्ट’ परीक्षेतून पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी अणुऊर्जा विभागाची ‘दिशा’ शिष्यवृत्ती आहे. तिची रचना इन्स्पायरसारखीच, दरमहा ५ हजार आणि उन्हाळी कामासाठी वर्षाला २० हजार अशी आहे.

उन्हाळ्याचे दोन महिने

संशोधनाची पहिली खरी ओळख बहुतेकांना मे-जूनच्या सुट्टीत होते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. त्या म्हणजे मेघनाद साहा यांच्या पुढाकाराने १९३० मध्ये अलाहाबादेत सुरू झालेली राष्ट्रीय विज्ञान अकादमी, सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये बंगळुरूत स्थापन केलेली भारतीय विज्ञान अकादमी आणि १९३५ पासूनची दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी. निवडलेला विद्यार्थी अकादमीच्या एखाद्या फेलोच्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करतो. त्याला मासिक विद्यावेतन आणि रेल्वेभाडे मिळते. पुण्यात आयसर, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादेत सीसीएमबी अशा संस्थांतले शास्त्रज्ञ पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी काम देत आले आहेत.

अर्ज मात्र उन्हाळ्यात होत नाहीत. अकादमींच्या फेलोशिपचे अर्ज आधीच्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुमारास संपतात. दिवाळीची सुट्टी आणि सत्र परीक्षा याच दिवसांत येतात, म्हणून तारीख चुकते.

अर्जाला गुणपत्रिका, शिक्षकांचे शिफारसपत्र आणि विद्यार्थ्याने लिहिलेले सुमारे २५० शब्दांचे टिपण लागते. निवड पुष्कळ अंशी या टिपणावर होते. ‘मला लहानपणापासून जेनेटिक्सची आवड आहे आणि कर्करोगावर औषध शोधायचे आहे’ अशी वाक्ये शेकडो अर्जांत असतात. त्यांवरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘एसवायच्या प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजन पाहताना एकाच स्लाइडवर वेगवेगळ्या अवस्थांचे प्रमाण फार असमान दिसले. पेशी प्रत्येक अवस्थेत किती वेळ थांबते हे कसे ठरते, याबद्दल अभ्यासक्रमाबाहेर वाचले. सजीव पेशीत हे मोजण्याच्या पद्धती शिकायच्या आहेत’ असे लिहिले तर तीन गोष्टी कळतात. विद्यार्थ्याने स्वतः काहीतरी पाहिले आहे, त्यावरून त्याला प्रश्न पडला आहे, आणि प्रयोगशाळेकडून काय हवे हे त्याला ठाऊक आहे. शिफारसपत्राचेही तसेच. वर्गातला क्रमांक गुणपत्रिकेवर असतोच. प्रात्यक्षिक बिघडल्यावर विद्यार्थ्याने ते पुन्हा का आणि कसे केले, हे सांगणारे शिक्षकांचे एक वाक्य त्याहून उपयोगी पडते.

एका उन्हाळ्याहून लांब चालणारे उपक्रमही आहेत. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रकल्पाधारित जीवशास्त्र शिक्षणाचा कार्यक्रम आखला आहे. त्यात लागोपाठ तीन उन्हाळे काम करून पदविका मिळते. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवी विज्ञानासाठीचा ‘नियस’ हा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. त्यात आधी शिबिर आणि मग निवडक विद्यार्थ्यांसाठी प्रकल्प असतो.

कोणत्याही योजनेबाहेर, शास्त्रज्ञाला थेट ईमेल करून मिळणारी इंटर्नशिप हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे. अशा कामाला बहुधा विद्यावेतन नसते. राहण्या-खाण्याचा खर्च स्वतःचा असतो आणि काही संस्था प्रशिक्षणाचे शुल्कही घेतात. गाव सोडून दोन महिने पुण्या-मुंबईत राहण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला म्हणूनच सशुल्क इंटर्नशिपपेक्षा फेलोशिपचा अर्ज अधिक मोलाचा असतो.

वैद्यकीय शाखेत आयसीएमआरची अल्पमुदतीची विद्यार्थीवृत्ती दोन महिन्यांच्या प्रकल्पासाठी मिळते. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातला मार्गदर्शक शोधून प्रस्ताव पाठवायचा, काम पूर्ण करून अहवाल द्यायचा, आणि तो मान्य झाल्यावरच रक्कम हातात पडते. रुग्णांशी संबंधित प्रकल्पाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, त्यामुळे प्रस्तावाबरोबरच तिथेही अर्ज करून ठेवावा लागतो.

प्रयोगाचा खर्च कुठून येतो

महाविद्यालयातच केलेल्या छोट्या प्रकल्पाचा खर्च कसा वाढत जातो, हे एका नेहमीच्या विषयावरून दिसते. शेतातल्या मातीतून स्फुरद विरघळवणारे जिवाणू शोधायचे आहेत. मातीचे नमुने आणायला पिशवी आणि एसटीचे भाडे पुरते. नमुना पाण्यात टप्प्याटप्प्याने विरळ करून पिकोव्हस्काया माध्यमाच्या प्लेटवर पसरला जातो. या माध्यमात न विरघळणारे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असल्यामुळे ते दुधाळ दिसते. काही दिवसांत ज्या वसाहतींभोवती पारदर्शक वलय उमटते, ते जिवाणू फॉस्फेट विरघळवतात. इथपर्यंतचे काम ऑटोक्लेव्ह, इनक्युबेटर आणि माध्यमाची एक बाटली असलेल्या कोणत्याही सूक्ष्मजीवशास्त्र विभागात होते.

पुढचा प्रश्न जिवाणू कोणता, हा. त्यासाठी डीएनए वेगळा करायचा, १६एस आरआरएनए जनुकाचा भाग पीसीआरने वाढवायचा आणि तो अनुक्रम वाचून घ्यायला बाहेर पाठवायचा. आलेला अनुक्रम इंटरनेटवरच्या मोफत माहितीसाठ्याशी ताडून पाहता येतो, पण त्याआधीच्या प्रत्येक पायरीला पैसे लागतात. प्रात्यक्षिकांसाठीच्या नेहमीच्या तरतुदीत हा खर्च बसत नाही, आणि पुष्कळ टीवाय प्रकल्प या टप्प्यावर थांबतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये स्टार कॉलेज योजना सुरू केली. तिच्यातून पदवी महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांना उपकरणे, रसायने, क्षेत्रभेटी, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि विद्यार्थी प्रकल्प यांसाठी अनुदान मिळते. विद्यार्थी यासाठी स्वतः अर्ज करू शकत नाही. आपल्या महाविद्यालयाला हे अनुदान आहे का, आणि आपल्या विभागाचा त्यात वाटा आहे का, एवढे मात्र त्याने विचारावे. प्रवेश घेतानाच हा प्रश्न विचारला तर आणखी चांगले. याशिवाय शिक्षकांना मंजूर झालेल्या लघु संशोधन प्रकल्पांतही विद्यार्थी काम करतात.

महाराष्ट्रात २००६ पासून भरणारी ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा खर्चाचा निधी देत नाही. तरीही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तिचे महत्त्व आहे, कारण त्यांचा गट वेगळा असतो. महाविद्यालय किंवा जिल्हा, मग विद्यापीठ आणि शेवटी राज्य अशा पायऱ्यांनी भिंतीपत्रक आणि सादरीकरण करावे लागते. तिथे परीक्षकांना दिलेली उत्तरे पुढच्या मुलाखतींची तयारीच असते.

प्रकल्प ठरवताना परवानग्याही खर्चाइतक्याच मोजाव्या लागतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे अभयारण्यातला अभ्यास वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. प्रयोगशाळेत उंदरांसारखे प्राणी वापरायचे तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हवी. दोन महिन्यांच्या प्रकल्पात हे बसणे कठीण. म्हणून पदवीच्या पातळीवर सूक्ष्मजीव, वनस्पती, फळमाशी किंवा उपलब्ध विदेचे संगणकीय विश्लेषण असे विषय सोयीचे ठरतात.

परदेशातले कार्यक्रम

ऑस्ट्रियातले व्हिएन्ना बायोसेंटर जगभरच्या पदवी विद्यार्थ्यांना जीवविज्ञानाच्या उन्हाळी शाळेत घेते. जपानमधली ओकिनावाची विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, म्हणजे ओआयएसटी, दोन ते सहा महिन्यांची इंटर्नशिप देते. कॅनडाचा मायटॅक्स ग्लोबलिंक कार्यक्रम १२ आठवड्यांचा असतो. जर्मनीच्या डीएएडीची ‘वाइज’ शिष्यवृत्ती विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण ती ठरावीक संस्थांपुरती मर्यादित असते आणि यजमान प्राध्यापकाचे निमंत्रणपत्र आधी मिळवावे लागते. हरगोविंद खुराना यांच्या नावाचा, २००७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाबरोबर सुरू झालेला कार्यक्रम मुख्यतः बी.टेक. आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आखलेला आहे. तीन वर्षांच्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने अशा प्रत्येक योजनेत आपला अभ्यासक्रम बसतो का, हे आधी तपासावे. पासपोर्टही आधीच काढून ठेवावा लागतो, कारण निवड झाल्यावर व्हिसासाठी उरणारे आठवडे थोडे असतात.

चौथे वर्ष आणि त्यापुढे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी चार वर्षांची करण्याचा पर्याय आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करू शकतो. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. अशी चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण करणाऱ्याला एम.एस्सी. न करता पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते. त्यामुळे एफवायपासूनच्या सत्रगुणांना आता संशोधनाच्या दृष्टीनेही किंमत आली आहे.

तीन वर्षांनंतर एम.एस्सी.कडे जाणाऱ्यासाठी ‘जॅम’ आणि जैवतंत्रज्ञानासाठी ‘गॅट-बी’ या प्रवेशपरीक्षा आहेत. गॅट-बीतून प्रवेश घेणाऱ्यांना जैवतंत्रज्ञान विभागाचे विद्यावेतन मिळते. पदवीला इन्स्पायर न मिळालेल्या जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला निधीचा हा पहिला मोठा आधार ठरू शकतो. त्यापुढची पायरी सीएसआयआर-यूजीसी नेटमधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपची. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि त्यानंतर ४२ हजार रुपये अशी आहे, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो.

पदवीच्या काळात या सगळ्याचा क्रम असा लागतो. एफवायला प्रवेशानंतर लगेच दाखले जमवून महाडीबीटी किंवा राष्ट्रीय पोर्टलवरचा अर्ज आणि पात्र असल्यास इन्स्पायर. एसवायच्या पहिल्या सत्रात विभागातल्या एखाद्या शिक्षकाबरोबर छोटे काम आणि नोव्हेंबरपूर्वी उन्हाळी फेलोशिपचा अर्ज. टीवायला प्रकल्प, आविष्कार आणि पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा. चौथे वर्ष घेतले तर मोठा प्रकल्प आणि नेट. दरवर्षीचे नूतनीकरण, प्रत्येक कामाचा अहवाल आणि मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र जपून ठेवणे हे काम चारही वर्षे चालूच राहते, कारण पुढचा प्रत्येक अर्ज हीच कागदपत्रे पुन्हा मागतो.